हरणाऱ्याने ठरवलेली किंमत

ऑनलाइन लिलावाची मुदत संपते तेव्हा पडद्यावर जिंकणाऱ्याचे नाव आणि वस्तूची अंतिम किंमत शेजारी शेजारी दिसते, आणि ही किंमत त्या जिंकणाऱ्यानेच ठरवली असे विक्रेत्याला साहजिकच वाटते. प्रत्यक्षात ती ठरवलेली असते त्याच्या मागे राहिलेल्या माणसाने. बहुतेक लिलाव-संकेतस्थळांवर बोली लावणारा आपली कमाल रक्कम आधीच नोंदवून ठेवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत नेते. एकाने हजारापर्यंत जाण्याची तयारी ठेवली असेल आणि दुसरा सहाशेला थांबला असेल, तर वस्तू सहाशेच्या जेमतेम एक पायरी वर विकली जाते; पहिल्याच्या मनात आणखी किती होते हे विक्रेत्याला कधी कळतही नाही. दुसरा कोणी आलाच नसता, तर तीच वस्तू त्याच उत्सुक ग्राहकाला सुरुवातीच्या बोलीवर देऊन टाकावी लागली असती.

जुने कॅमेरे, लेन्स, शाईची पेने अशा, हौशी लोकांना जीव की प्राण आणि इतरांना अडगळ वाटणाऱ्या वस्तू मी बरीच वर्षे लिलावात विकत आलो आहे, आणि या व्यवहाराबद्दल मला जे काही सांगायचे आहे ते सगळे या एका गोष्टीतून निघते. विक्रेत्याने आपले सारे लेखन, छायाचित्रे आणि हिशेब त्या हरणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून करावेत. जो जिंकणार आहे तो बहुधा त्या वस्तूसाठी आतुरच असतो. अंधुक छायाचित्र आणि अर्धवट वर्णन पाहूनही तो बोली लावील. दुसरा मात्र काठावर उभा असतो. त्याला वस्तू आवडलेली असते, पण एखादी शंका त्याला मागे खेचत असते. त्या शंकेचे निरसन झाले तर तो आणखी दोन पायऱ्या चढतो, आणि त्या दोन पायऱ्यांचे पैसे पहिल्याच्या खिशातून विक्रेत्याला मिळतात.

ही रचना संगणकाने आणलेली नाही. टपाल तिकिटांचे व्यापारी एकोणिसाव्या शतकातच पोस्टाने बोली मागवत आणि सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला दुसऱ्या क्रमांकाच्या किमतीच्या आसपास तिकिटे देत, कारण दूरच्या गिऱ्हाईकावर अन्याय होऊ नये अशी त्यांची इच्छा होती. विल्यम व्हिक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली या पद्धतीचे गणित मांडले आणि दाखवून दिले की दुसऱ्याची किंमत भरायची असेल, तर प्रत्येकाने आपल्या मनातली खरी रक्कम सांगणे हेच त्याच्या हिताचे ठरते. १९९६ साली त्याला नोबेल जाहीर झाले आणि त्यानंतर तीनच दिवसांनी तो वारला. आज जगभरातल्या लिलाव-संकेतस्थळांवर जे काही चालते, त्याचा गाभा त्याच विचाराजवळचा आहे, फक्त बोली लावणारी माणसे व्हिक्रीच्या गणितात धरल्याइतकी शिस्तबद्ध नसतात.

मुळात लिलावाला काय लावावे, हा पहिला प्रश्न. ईबे हे संकेतस्थळ १९९५ साली पिएर ओमिद्यार याने सुरू केले तेव्हा तिथे सारा व्यवहार लिलावाचाच होता; आज तिथली बहुतांश विक्री ठरावीक किमतीने होते. यात आश्चर्य काही नाही. जी वस्तू शेकडो ठिकाणी सारख्याच स्थितीत मिळते, तिची किंमत सगळ्यांना ठाऊक असते, आणि अशा वस्तूच्या लिलावात गिऱ्हाईक येते ते केवळ स्वस्तात मिळेल या आशेने. गेल्या वर्षीचा मोबाइल, पेटीबंद इस्त्री, चालू आवृत्तीचे पाठ्यपुस्तक यांना ठरावीक किंमत लावून मोकळे व्हावे. लिलाव शोभतो तो अशा वस्तूला जिची किंमत नेमकी कोणालाच सांगता येत नाही, पण जिच्यामागे वेडे असलेले लोक जगात आहेत हे मात्र नक्की ठाऊक असते: बंद पडलेल्या कंपनीचे घड्याळ, उत्पादन थांबलेली लेन्स, पहिल्या मालकाच्या नोंदींसकट असलेले यंत्राचे माहितीपुस्तक, एखाद्या खेळण्याचा हरवण्याजोगा सुटा भाग. ओमिद्यारने स्वतः सुरुवातीच्या दिवसांत विकलेली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर होता. तो १४.८३ डॉलरला गेला तेव्हा आपली वस्तू मोडकी आहे हे गिऱ्हाईकाला कळले आहे ना, असे त्याने विचारून पाहिले, तर उत्तर आले की मी मोडके लेझर पॉइंटरच जमवतो. ही हकिगत बहुधा जगात प्रत्येक वस्तूला गिऱ्हाईक आहे हे दाखवण्यासाठी सांगितली जाते. मला तिच्यात अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की वस्तू मोडकी आहे हे विक्रेत्याने लपवले नव्हते, म्हणूनच मोडक्या वस्तू शोधणारा तिथवर पोहोचला.

किमतीचा अंदाज घेताना सर्वांत मोठा अडथळा असतो तो आपण स्वतः. डॅनिएल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांच्या एका गटाला कॉफीचे साधे मग भेट दिले, आणि ते विकायला सांगितल्यावर त्यांनी मागितलेली किंमत मग नसलेल्या विद्यार्थ्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या जवळजवळ दुप्पट निघाली. ते मग हातात येऊन काही मिनिटेच झाली होती. तर वर्षानुवर्षे घरात असलेल्या वस्तूचे काय होत असेल, याची कल्पना करावी. म्हणून स्वतःच्या मनाला न विचारता संकेतस्थळावरच्या पूर्ण झालेल्या विक्रीला विचारावे. शोधताना ‘विकल्या गेलेल्या वस्तू’ एवढ्याच दाखवण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. इतर विक्रेते किती मागत आहेत याला काहीच अर्थ नाही. महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या वस्तूही वाटेल ती किंमत मागत असतात. विकल्या गेलेल्या वस्तूंमध्येही सर्वांत वरचा आकडा बघून हुरळून न जाता, आपल्या वस्तूशी स्थितीने जुळणारे चार-पाच व्यवहार शोधावेत, त्यांची छायाचित्रे मोठी करून पाहावीत, आणि तिथे मूळ पेटी किंवा झाकण होते का, ते आपल्याकडे आहे का, हे तपासावे. हौशी लोकांच्या बाजारात रिकाम्या पेटीलाही किंमत येते, हे अनेकांना ती पेटी टाकून दिल्यावर कळते.

आता वर्णनाकडे येतो, कारण माझ्या मते लिलावातली निम्मी कमाई इथे होते किंवा इथेच बुडते. जॉर्ज अॅकरलॉफ याने १९७० साली वापरलेल्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक साधी पण जीवघेणी गोष्ट दाखवली होती: गाडीतला दोष विकणाऱ्याला माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो, म्हणून घेणारा प्रत्येक गाडीत दोष आहे असे धरूनच किंमत सांगतो आणि त्यामुळे चांगली गाडी असणारा बाजारातून निघून जातो. ऑनलाइन लिलावात तर घेणाऱ्याला वस्तूला हातही लावता येत नाही. जे सांगितलेले नाही ते वाईटच असणार, असे समजून तो चालतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. पुढे १९८२ साली पॉल मिलग्रॉम आणि रॉबर्ट वेबर यांनी गणिताने मांडले की वस्तूबद्दल आपल्याला असलेली माहिती, चांगली आणि वाईट दोन्ही, उघड करत राहण्याचे धोरण ठेवले तर सरासरीने विक्रेत्याचाच फायदा होतो. दोष सांगितल्याने एखाद्या वेळी किंमत उतरते खरी, पण जिथे दोष सांगितलेला नाही तिथे तो नाहीच, असा विश्वास त्यातून तयार होतो, आणि काठावरच्या माणसाला पुढे आणणारी गोष्ट हीच असते.

म्हणून मी दोष वर्णनाच्या पहिल्या परिच्छेदात लिहितो. ‘मागच्या झाकणावर डाव्या कोपऱ्यात सुमारे चार मिलिमीटरचा ओरखडा आहे, पाचव्या छायाचित्रात दिसेल’ हे वाक्य ‘वयोमानानुसार किरकोळ खुणा’ या वाक्यापेक्षा कितीतरी अधिक पैसे मिळवून देते, कारण दुसऱ्या वाक्यात वाचणारा आपल्या मनाने हव्या तेवढ्या खुणा भरतो. ‘तपासलेले नाही’ असे लिहिणे म्हणजे वाचणाऱ्याच्या दृष्टीने ‘बंद आहे’ असेच लिहिणे होय. तेव्हा जे तपासता येते ते तपासावे आणि कसे तपासले तेही लिहावे. कॅमेऱ्याचा शटर सर्व वेगांवर उघडतो का, लेन्सच्या आत बुरशीचे तंतू दिसतात का, पेनातून शाई गळते का, रेकॉर्ड प्लेअरची गती स्थिर राहते का, हे विक्रेत्याला कळायला फार ज्ञान लागत नाही. जे खरोखरच तपासता येत नाही, त्याचे कारण सांगावे: या यंत्राला लागणारी बॅटरी माझ्याकडे नाही, एवढे म्हटले तरी पुरते. मोजमापे हवीतच, आणि ती अंदाजाने नकोत. वास हा छायाचित्रात न उमटणारा दोष आहे. कपडे, पुस्तके, चामड्याच्या पिशव्या यांना ओलीचा किंवा धुराचा वास असेल तर तो सांगावाच लागतो, अन्यथा खोका उघडताच तो स्वतःच सांगतो.

शीर्षकाचे काम निराळे आहे. ते माणसांनी वाचण्याआधी शोधयंत्राने वाचायचे असते, म्हणून तिथे कंपनीचे नाव, मॉडेलचा क्रमांक, आकार, रंग, काळ आणि स्थिती एवढेच असावे. ‘सुंदर’, ‘दुर्मीळ’, ‘अवश्य पाहा’ हे शब्द कोणीही शोधपेटीत लिहीत नाही, त्यामुळे ते केवळ जागा खातात. नाव अचूक लिहिण्याकडे दुप्पट लक्ष द्यावे. चुकीच्या अक्षरांनी लिहिलेली शीर्षके मुद्दाम शोधून काढणारे खरेदीदार असतात, कारण तिथे दुसरा बोलीदार फिरकणारच नाही हे त्यांना पक्के ठाऊक असते.

छायाचित्रांसाठी महागडे साहित्य लागत नाही. ढगाळ दिवशी खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून, एकाच रंगाच्या साध्या कापडावर वस्तू ठेवून घेतलेली छायाचित्रे पुरेशी असतात. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, खालून, अनुक्रमांकाजवळून, आणि प्रत्येक दोषाचे शेजारी मोजपट्टी ठेवून एक, एवढे असावेच. तळाचे छायाचित्र बहुतेक लोक टाळतात. जाणकार ग्राहक मात्र आधी तळ पाहतो. दुसऱ्या विक्रेत्याची किंवा कंपनीच्या जाहिरातीतली छायाचित्रे वापरणे हे गैर तर आहेच, शिवाय वस्तू खरोखर विक्रेत्याकडे आहे का, अशी शंका त्यातून उगाच निर्माण होते. एक इशारा मात्र आवर्जून द्यायला हवा. छायाचित्र चांगले यावे म्हणून नाणी घासणे, जुन्या पितळेला पॉलिश करणे, लाकडावर नवे वॉर्निश चढवणे हे प्रकार करू नयेत. संग्राहक त्या जुन्या थराचेच पैसे मोजत असतो, आणि घासलेल्या नाण्याची किंमत घासण्यामुळेच घसरते. धूळ मऊ कापडाने पुसावी आणि तिथेच थांबावे.

सुरुवातीची बोली किती ठेवावी, यावर विक्रेत्यांमध्ये जितके वाद होतात तितके दुसऱ्या कशावरही होत नसतील. कमी ठेवली तर मातीमोल जाईल ही भीती, आणि जास्त ठेवली तर कोणी येणारच नाही ही दुसरी. जिलियन कू, अॅडम गॅलिन्स्की आणि कीथ मर्निगन यांच्या २००६ सालच्या अभ्यासात असे दिसले की कमी किमतीपासून सुरू झालेले लिलाव पुष्कळदा जास्त किमतीवर संपतात: कमी किमतीने अधिक माणसे आत येतात, एकदा बोली लावली की वेळ आणि मन त्यात गुंतते, आणि बोलींची गर्दी पाहून इतरांनाही वस्तू मोलाची वाटू लागते. पण याच अभ्यासातली दुसरी बाजू लोक विसरतात. शीर्षकात नाव चुकल्यासारख्या कारणाने माणसे पोहोचूच शकत नसतील, तर कमी सुरुवातीचा हा लाभ राहत नाही. त्यामुळे माझा आडाखा असा आहे की त्याच जातीच्या वस्तूंच्या मागच्या विक्रीत सात-आठ वेगवेगळे बोलीदार दिसत असतील तर निर्धास्तपणे कमीपासून सुरुवात करावी. आणि एखाददुसराच दिसत असेल, तर ज्या किमतीला ती एकट्याने नेली तरी वाईट वाटणार नाही तीच सुरुवातीची बोली ठेवावी.

राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली वस्तू विकायची नाही अशी गुप्त मर्यादा, मला फारशी पटत नाही. ‘राखीव किंमत अद्याप गाठलेली नाही’ ही पाटी दिसली की काठावरचा माणूस आपण उगाच वेळ घालवत आहोत असे समजून निघून जातो. जेरेमी ब्यूलो आणि पॉल क्लेम्परर यांनी १९९६ साली एक सुरेख निष्कर्ष सिद्ध केला होता, तो प्रत्येक विक्रेत्याने डोक्यात ठेवावा: काही सर्वसाधारण गृहीतकांखाली, अगदी अचूक राखीव किंमत ठरवण्याच्या कौशल्यापेक्षा एक जास्तीचा बोलीदार मिळवणे विक्रेत्याला अधिक लाभाचे ठरते. मर्यादा कुठे ठेवावी या विचारात घालवलेली संध्याकाळ म्हणूनच आणखी दोन स्वच्छ छायाचित्रे काढण्यात घालवलेली बरी. आणि तो जास्तीचा बोलीदार खोटा नसावा, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. मित्राच्या किंवा दुसऱ्या खात्यावरून स्वतःच्याच वस्तूवर बोली चढवणे ही फसवणूक आहे, संकेतस्थळांच्या नियमांत तिला थारा नाही, आणि अनेक देशांत तिच्यासाठी शिक्षाही होते.

मुदत किती दिवसांची ठेवावी यापेक्षा ती कोणत्या क्षणी संपते याला अधिक महत्त्व आहे. अॅल्विन रॉथ आणि अॅक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ साली ईबे आणि त्या काळातले ॲमेझॉनचे लिलाव यांची तुलना केली. ईबेवर लिलाव ठरलेल्या सेकंदाला संपत असे, तर ॲमेझॉनवर शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की मुदत आणखी वाढत असे. आणि अखेरच्या क्षणी बोली टाकण्याची प्रवृत्ती ईबेवर कितीतरी जास्त होती. याचा अर्थ असा की ठरल्या वेळी संपणाऱ्या लिलावात खरी झुंज शेवटच्या मिनिटातच होते, आणि त्या मिनिटाला माणसे जागी, मोकळी आणि पडद्यासमोर असायला हवीत. सुट्टीच्या दिवशीची संध्याकाळ साधारणपणे सोयीची पडते. परदेशी ग्राहकांची शक्यता असेल तर त्यांच्या घड्याळाचाही विचार करावा. कामकाजाच्या दिवशी पहाटे संपणारा लिलाव म्हणजे एकट्या जागणाऱ्याला दिलेली भेट होय.

मधले दिवस मात्र विक्रेत्याची परीक्षा पाहणारे असतात. पहिल्या दिवशी थोडी हालचाल होते, मग चार-पाच दिवस पान थिजल्यासारखे दिसते. पाहणारे वाढत असतात, पण बोली हलत नाही. याच काळात खासगी निरोप येतात: लिलाव थांबवा, मी आत्ता अमुक इतके देतो. असा निरोप पाठवणारा माणूस बहुधा जाणकार असतो, आणि शेवटच्या मिनिटाला किंमत कुठवर जाऊ शकते याचा त्याला विक्रेत्यापेक्षा चांगला अंदाज असतो, म्हणूनच त्याला घाई असते. मी सौजन्याने कळवतो की लिलाव ठरल्याप्रमाणेच चालेल आणि आपण अवश्य बोली लावावी. तो नंतर लावतोच, आणि बऱ्याचदा तोच दुसरा निघतो. कोणी प्रश्न विचारला तर उत्तर त्याला तर द्यावेच, पण ते सर्वांना दिसेल असे वर्णनातही जोडावे, कारण एकाने विचारलेली शंका न विचारता निघून गेलेल्या अनेकांची असते.

पाठवणीचा खर्च हा असा विषय आहे की त्यात पैसे हळूच गळून जातात. तंजिम हुसेन आणि जॉन मॉर्गन यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सीडी आणि व्हिडिओ गेम विकताना सुरुवातीची बोली कमी ठेवून पाठवणीचा खर्च जास्त लावला, तेव्हा एकूण रक्कम पुष्कळदा अधिक मिळाली, म्हणजे ग्राहक बोलीच्या आकड्याकडे पाहतो आणि पाठवणीकडे काणाडोळा करतो. यावरून पाठवणीत नफा काढण्याची कल्पना सुचणे सोपे आहे, पण अनेक ठिकाणी संकेतस्थळ आपले शुल्क पाठवणीच्या रकमेसह एकूण किमतीवर घेते, आणि खोक्यावरच्या तिकिटाचा आकडा पाहून चिडलेला ग्राहक अभिप्रायात ते लिहून ठेवतो. खरा खर्च लावावा, आणि तो खरा असावा म्हणून लिलाव लावण्याआधीच वस्तू बांधून, मोजून, तोलून ठेवावी. अनेक कुरिअर कंपन्या, विशेषतः परदेशी पाठवणीत, प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांपैकी जे जास्त असेल त्याचे पैसे घेतात. आकारमानाचे वजन काढायची प्रचलित रीत म्हणजे लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागणे. ५० बाय ४० बाय ३० च्या खोक्यात दोन किलोची दिव्याची शेड ठेवली, तरी बिल बारा किलोचे येते.

बांधणीबद्दल थोडक्यात: नाजूक वस्तू आधी लहान खोक्यात, तो खोका मोठ्या खोक्यात, आणि दोहोंमध्ये सर्व बाजूंनी निदान पाच सेंटिमीटरचा भराव. बांधून झाल्यावर खोका हलवून पाहावा. आत काहीही हलल्याचे जाणवले तर तो पुन्हा उघडावा. लिथियम बॅटरी असलेल्या वस्तूंना विमानाने पाठवण्यावर निर्बंध आहेत, ते आधी पाहून घ्यावेत. मोबाइल, संगणक, कॅमेऱ्याचे कार्ड यांतली स्वतःची माहिती पूर्ण पुसावी आणि खात्याशी असलेली जोडणीही तोडावी, नाहीतर घेणाऱ्याच्या हाती कुलूपबंद यंत्र पडते. महाग वस्तूची बांधणी करताना अनुक्रमांक दिसेल असे छायाचित्र घ्यावे, विमा उतरवावा, पाठवणीचा ट्रॅकिंग क्रमांक त्याच दिवशी कळवावा. परत आलेल्या खोक्यात आपलीच वस्तू आहे की तशीच दुसरी बिघडलेली, हे त्या अनुक्रमांकावरूनच सिद्ध करता येते.

जिंकल्यानंतरच्या तासाभरात खरेदीदाराच्या मनात काय चालते, याचा विक्रेते फारसा विचार करत नाहीत. तेलाच्या क्षेत्रांच्या लिलावांचा अभ्यास करणाऱ्या तीन अभियंत्यांनी १९७१ साली दाखवून दिले की वस्तूची किंमत सर्वांनाच अंदाजाने ठरवायची असते तेव्हा जिंकतो तो बहुधा सर्वांत चढा, म्हणजे खऱ्या किमतीपेक्षा जास्तीचा अंदाज बांधलेला माणूस. यालाच पुढे विजेत्याचा शाप म्हणू लागले. (इसवी सन १९३ मध्ये रोमच्या शाही रक्षकदलाने सम्राटपदच लिलावात काढले, ते डिडियस ज्युलियानसने घेतले आणि ६६ दिवसांत जीव गमावला, हे याचे टोकाचे उदाहरण, त्या विक्रेत्यांचा अभिप्राय कोणी वाचला नव्हता असे दिसते.) आपण जास्त तर दिले नाही ना, ही शंका प्रत्येक विजेत्याला थोडीफार शिवते, आणि त्या वेळी विक्रेत्याकडून आलेला दोन ओळींचा स्वच्छ निरोप, म्हणजे वस्तू केव्हा बांधली जाईल, केव्हा निघेल आणि पोहोचल्यावर काय तपासून पाहावे, त्याला बरेच स्थिर करतो. उशिरा आलेले पैसे आणि क्षुल्लक तक्रारी यांतले कितीतरी प्रकार या एका निरोपाने टळतात, असा माझा अनुभव आहे.

नावाचे मोल किती, हेही मोजले गेले आहे. पॉल रेस्निक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जुन्या पोस्टकार्डांचे एकसारखे संच एका जुन्या, नावाजलेल्या खात्यावरून आणि काही नव्या खात्यांवरून विकले, तेव्हा नावाजलेल्या खात्याला खरेदीदार सुमारे ८.१ टक्के अधिक द्यायला तयार होते. नव्या विक्रेत्याने म्हणून आपली सर्वांत मौल्यवान वस्तू पहिल्याच आठवड्यात लिलावाला लावू नये. आधी लहानसहान वस्तू घ्याव्यात, विकाव्यात, अभिप्राय जमू द्यावेत. ईबेने २००८ साली विक्रेत्यांना खरेदीदारांविषयी प्रतिकूल अभिप्राय देण्यास बंदी केली, तेव्हा अनेक विक्रेते संतापले होते, आणि त्यांचा राग मला समजतो. पण सूडाच्या भीतीने गप्प बसणारे खरेदीदार त्यानंतर बोलू लागले, आणि चांगल्या विक्रेत्याचा अभिप्राय त्यामुळे अधिक विश्वासार्ह ठरला.

ठगांपासून जपण्यासाठी फार हुशारी लागत नाही, सावकाशपणा लागतो. ठरल्यापेक्षा जास्त पैसे पाठवून उरलेले परत मागणारा, संकेतस्थळाबाहेर व्यवहार करू म्हणणारा, पैसे जमा झाल्याचा ईमेल पाठवून घाई करणारा, नोंदलेल्या पत्त्याऐवजी भलत्याच पत्त्यावर पाठवायला सांगणारा, हे चारही प्रकार ओळखीचे आहेत. पैसे आले की नाही हे आलेल्या ईमेलवरून ठरवू नये. स्वतः आपल्या खात्यात जाऊन पाहावे. ओटीपी किंवा पासवर्ड पैसे मिळण्यासाठी कधीही द्यावा लागत नाही.

जिंकणारा पैसे भरतच नाही, असेही होते. संकेतस्थळाने दिलेली मुदत संपू द्यावी, रीतसर नोंद करावी, आणि मग मागे राहिलेल्या बोलीदाराला त्याच्याच कमाल बोलीवर वस्तू देऊ करावी. बहुतेक ठिकाणी तशी सोय असते. मात्र तो संशयाने पाहील हे धरून चालावे, कारण पहिला बोलीदार खोटा होता की काय, असे त्याला वाटणे रास्त आहे. काय घडले ते सरळ सांगावे, आणि हरलेला बोलीदार खोट्या बोलीमुळे वर गेला होता असे दिसत असेल, तर त्याआधीच्या किमतीला वस्तू देण्याची तयारी ठेवावी. त्याने नाही म्हटले तर पुन्हा विचारू नये.

आणि एकही बोली न आलेली वस्तू? तिची किंमत लगेच उतरवण्याची घाई करू नये. आधी शीर्षक पाहावे, मग पहिले छायाचित्र, मग ती ज्या विभागात नोंदवली तो विभाग, मग संपण्याची वेळ. यांतले काहीतरी बदलून, काही आठवड्यांच्या अंतराने ती पुन्हा लावावी. तरीही कोणी आले नाही, तर बहुधा त्या वस्तूचा ग्राहक जगात एखादाच आहे आणि तो या आठवड्यात शोधत नाही. अशा वस्तूला लिलावाची मुदत घालण्यात काही हशील नाही. तिला पटेल ती ठरावीक किंमत लावावी, बांधलेल्या खोक्यावर वजन आणि मापे लिहून तो कोरड्या जागी ठेवावा, आणि मागणी आली की दुसऱ्या दिवशी तो निघेल एवढी तयारी असू द्यावी.